वरचं बटण

सेंट डॅमियन बेट, दक्षिण कॅरोलायना
४ मार्च १९९६

चि. अमोस यास ताईचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड जानेवारी संपता संपता पोचलं. तीन वर्षांचा होईपर्यंत तू पाऊल टाकलं नाहीस म्हणून आजीनं घरात तुझं नाव कासव ठेवलं होतं. चौसष्टाव्या वर्षीही तू त्या नावाला बट्टा लागू दिलेला नाहीस.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. कालवं यंदा बरी निघाली, पण फोडायला आता मी आणि शेजारची रूथ एवढ्याच उरलो आहोत, आणि रूथ हातापेक्षा तोंड जास्त चालवते.

मोठी बातमी म्हणजे बेटावर सिनेमावाले आले आहेत. गुलामीच्या काळचा सिनेमा आहे. जुन्या धक्क्याजवळ त्यांनी नऊ नव्या झोपड्या बांधल्या आणि मग चार माणसं लावून त्या जुन्या केल्या. हाकेच्या अंतरावर तीन खऱ्या उभ्या आहेत, पण त्या म्हणे पडद्यावर खऱ्या वाटत नाहीत. आता त्यांना साठीपुढच्या बायका हव्या आहेत, दिवसभर उन्हात उभ्या राहतील अशा.

रेव्हरंड टिमन्स यांनी रविवारी यावर प्रवचन केलं. आपल्या आज्यापणज्यांकडून हे काम एकदा न विचारता करून घेतलं गेलं आहे, तेव्हा आता कोणी विचारतंय म्हणून पुन्हा करायला जायचं कारण नाही, असं म्हणाले. प्रवचन चांगलं झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी सकाळी नाव नोंदवायच्या रांगेत चर्चमध्ये गाणाऱ्या निम्म्या बायका होत्या, आणि मीही होते.

मी साधा फोटो काढू देत नाही हे तुला माहीत आहे. तरी गेले. का गेले ते विचारू नकोस. सिनेमा पुढच्या वर्षी तुझ्या गावाला लागेल, तेवढा तू बघावास अशी माझी इच्छा आहे.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. दर मार्चला मी हेच लिहिते आणि दर मार्चला तू वाचतोस, एवढं तरी चाललं आहे. तुझी अर्नेस्टीन गेल्यापासून त्या घरात एकटा काय करतोस कोण जाणे.

लोभ आहे तो आटू देऊ नये.

तुझी ताई,
लुवीनिया

•

फिलाडेल्फिया
१७ मार्च १९९६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू सिनेमात काम करणार हे वाचून खुर्चीत बसलो. तोवर उभा होतो.

मी असले सिनेमे बघत नाही. आमच्याकडे बाकी सगळे बघतात आणि मग शनिवारी लिव्हॉनच्या सलूनमध्ये येऊन बोलतात. तिथल्या गप्पांवर विश्वास ठेवला तर आपल्यापैकी कोणाचाही पूर्वज आठवडाभरसुद्धा गुलाम राहिला नसता. खुर्चीत बसलेला प्रत्येक जण आधी मालकाला बुकलून काढणार होता आणि मग पळून जाणार होता. लिव्हॉन तर पहिल्याच दिवशी पळाला असता. त्याला कोपऱ्यावरची बस पळत जाऊन पकडता येत नाही, पण ते सोड.

आमची लेक क्लोडेट शाळेत शिकवते, तिचं म्हणणं वेगळंच. मुलांना बेड्या कशाला दाखवायच्या, आपण राजे होतो ते दाखवा, असं ती म्हणते. मी म्हटलं की सगळेच राजे होते तर शेतं कोण नांगरत होतं. त्यावर दोन आठवडे तिचा फोन नव्हता.

मी एकदाच गेलो होतो, अठ्ठ्याहत्तर साली, अर्नेस्टीनच्या आग्रहावरून. अर्ध्यातून उठलो आणि बाहेर तासभर मक्याच्या लाह्या खात बसलो. सोमवारी ट्रामच्या कारखान्यात वॉल्टरनं मला गाठलं. गोरा माणूस, शेजारच्या मशीनवर होता. त्यानं तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला, खालच्या आवाजात दोन शब्द बोलला आणि बायकोनं केलेला केक दिला. आमच्या घरी कोणी वारलेलं नव्हतं. आठवडाभर तो माझ्यासाठी दार धरून उभा राहायचा. केक चांगला होता.

आता मनातलं लिहितो, राग आला तर येऊ दे. तू त्या सिनेमात रडणार असशील. तिथे सगळ्या बायकांना रडायलाच लावतात. १९४८च्या सप्टेंबरात मी सोळा वर्षांचा पोरगा जुन्या धक्क्यावर होडीत चढलो, तेव्हा माझ्याबरोबर निघालेल्या हॅम्प्टनची आई त्याच्यासाठी एवढी रडली की होडीवाल्यानं तिला पाणी आणून दिलं. आई आणि तू, दोघी कोरड्या. तू फक्त माझ्या कॉलरशी चाळा करत होतीस, मी शाळेत चाललो असल्यासारखा. माझ्यासाठी जे पाणी डोळ्यांत आलं नाही ते आता कॅमेऱ्यासाठी येणार असेल, तर मला ते बघायचं नाही.

राग मानू नये, मानला तर कळवावा. लोभ चालू ठेवावा.

तुझा भाऊ,
अमोस

•

सेंट डॅमियन बेट
१० एप्रिल १९९६

चि. अमोस यास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग आला नाही. धक्क्यावरच्या त्या सकाळबद्दल तू जे लिहिलंस त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण मला ते देता येत नाही.

आपल्या बायना पणजीची सात वर्षांची लेक फिबी त्याच धक्क्यावरून विकली गेली, एवढं तुला माहीत आहे. ते सगळ्या बेटाला माहीत आहे. त्या वेळी बायनानं काय केलं, ते मात्र घरात जो राहणार आहे त्यालाच सांगतात. जाणाऱ्याला सांगायचं नाही, त्याचे पाय अडकतात, अशी आजीची सक्त ताकीद होती. तू तेराव्या वर्षापासून जाण्याच्या गोष्टी करायचास म्हणून आईनं तुला सांगितलं नाही. मीही सांगणार नाही. नियम मी केलेला नाही.

पण आता मला काळजी लागली आहे. मला मूलबाळ नाही. सगळे गेले, कोणी तुझ्याकडे उत्तरेला, कोणी वर. राहणारं कोणी उरलं नाही, म्हणजे माझ्याबरोबर ती गोष्टही मातीत जाणार. रोज संध्याकाळी हे डोक्यात येतं.

लिव्हॉनला म्हणावं, सगळेच पळून गेले असते तर तुमचे केस कोणाच्या घराण्यातून आले असते. पळाले ते थोर होतेच. आपण मात्र मागे राहून ज्यांनी चूल पेटवली त्यांचे.

आता गंमत ऐक. सिनेमाच्या कपडेवाल्या बाईंनी आम्हा अकरा जणींना अंगात घालायचे कपडे दिले. फाटके, मळके, एकाची बाही लोंबतेय, एकाचा गळा उसवलेला. मापाला बसतात का बघायला घरी न्या, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी हजर. अकराही जणींनी कपडे धुतले होते, ठिगळं लावली होती, खळ घालून इस्त्री केली होती. आपसात कोणी ठरवलेलं नव्हतं. रूथनं तर गळ्याला लेस लावली. त्या बाई आमच्याकडे बघत राहिल्या आणि गाडीच्या पायरीवर बसल्या. मला वाटतं त्यांना चक्कर आली असावी. मी पाणी दिलं.

त्यांचं म्हणणं, ते कपडे फाडायलाच आठ दिवस लागले होते. मी त्यांना समजावलं की माझी आजी बायनाच्या हाताखाली वाढली, आणि बायनाकडे दोनच झगे होते, पण फाटका घालून ती कधी दाराबाहेर पडली नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि कात्री मागवली. नंतर एक मुलगी आली आणि आमच्या तोंडाला ब्रशनं माती लावू लागली. रूथनं तिला विचारलं की तुझी आजी आहे का, आणि असेल तर हे तिला माहीत आहे का.

रूथची नात टॅमसिन, सात वर्षांची, तिलाही घेतलं आहे. होडीतून जी मुलगी नेतात ती ही. तिचा झगाही मीच घरी आणला होता. त्याला गळ्याशी बटण नव्हतं, ते मी शिवलं. बाकीची शिवण बाईंनी परत उसवली, बटण तेवढं राहू दिलं. एवढंसं बटण कोणाला दिसतंय, असं म्हणाल्या.

प्रकृतीला जप. लोभ आहे म्हणूनच बोलते.

तुझी ताई,
लुवीनिया

•

फिलाडेल्फिया
२८ एप्रिल १९९६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इस्त्रीची हकिगत सलूनमध्ये वाचून दाखवली. लिव्हॉनला हसताना वस्तरा खाली ठेवावा लागला. खुर्चीतले मिस्टर ब्लाय, वय शहाऐंशी, म्हणाले की त्यांची आजीही भांडी घासायला जाताना इस्त्रीचा ॲप्रन घालून जायची.

त्या जाणाऱ्या-राहणाऱ्याच्या नियमाबद्दल पहिल्यांदाच ऐकतो आहे. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं मला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, आणि ते मला पत्रानं कळतंय. आता मी चौसष्ट वर्षांचा आहे, माझे पाय आपोआपच अडकतात, गोष्टीची गरज नाही. लिहून टाक.

लोभ असावा, थोडा विश्वासही असावा.

अमोस

•

सेंट डॅमियन बेट
२१ मे १९९६

चि. अमोस यास अ. उ. आ.

लिहिणार नाही. हट्ट करू नकोस, सहा वर्षांचा असतानाही तो चालला नव्हता.

परवा धक्क्यावरचा प्रसंग झाला. डायरेक्टर आपल्यातलाच आहे, लॉस एंजेलिसचा, तरुण. मुलगा वाईट नाही, जेवायला सगळ्यांत शेवटी बसतो. त्यानं सांगितलं की मुलीला होडीकडे नेऊ लागले की सगळ्यांनी आक्रोश करायचा. रूथनं असा टाहो फोडला की पलीकडच्या वस्तीतली कुत्री धावत आली. ती हाकलेपर्यंत काम थांबलं होतं.

मला सगळ्यांत पुढे उभं केलं होतं, कारण माझा चेहरा म्हणे फार दुःखी आहे. माझा चेहरा जन्मापासून असाच आहे.

तर, मी रडले नाही. मुलगी माझ्यासमोरून जाऊ लागली तेव्हा मी एक पाऊल पुढे झाले आणि दुसरंच काहीतरी केलं. काय केलं ते इथे लिहिलं तर तुला सांगितल्यासारखंच होईल. चार वेळा प्रसंग घेतला आणि चारही वेळा मी तेच केलं. टॅमसिनला ते इतकं पाठ झालं की चौथ्या वेळी ती स्वतःच माझ्यासमोर थांबली. मग डायरेक्टर जवळ आला, अदबीनं बोलला. आजी, बघणाऱ्यांना हे कळणार नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, एकाला कळलं तरी पुरे. त्याला ते पटलं नाही. पाचव्या वेळी त्यानं मला मागे, ओकच्या झाडाआड उभं केलं.

आधीचे चार वेळचे तुकडे त्यानं ठेवले की टाकले, मला माहीत नाही. मी कोणाला तोंडानं काही सांगितलेलं नाही, कागदावर लिहिलेलं नाही. पडद्यावर कोणाला काही दिसलं तर त्याला माझा इलाज नाही. आजीच्या वेळी सिनेमा नव्हता, त्यामुळे तिनं त्याला बंदी केलेली नाही. म्हणून म्हणते, लागला की जा.

मी एवढ्यासाठीच नाव दिलं होतं, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

लोभाला कमी पडू देऊ नये.

तुझी ताई,
लुवीनिया

•

फिलाडेल्फिया
९ जून १९९६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आलं लक्षात. तरी जाणार नाही. तसल्या प्रसंगाला मी एकदा उठून आलो आहे, त्याच जागी पुन्हा बसायची माझी तयारी नाही. तुझा मान राखून सांगतो.

क्लोडेटनं मला तिच्याकडे राहायला बोलावलं आहे. गावाबाहेर घर आहे, मला वेगळी खोली, खाली पांढरा गालिचा. दारातच बूट काढायचे. मी विचार करतो असं सांगितलं. ती म्हणाली की बाबा, तुम्ही विचार करता म्हणजे दोन वर्षं गेली.

लोभ आहेच.

अमोस

•

सेंट डॅमियन बेट
२४ फेब्रुवारी १९९७

चि. अमोस यास अ. उ. आ.

सिनेमा लागला. फेब्रुवारीतच लागणार होता, काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून तो ठरवून दिला आहे, आपल्या माणसांची आठवण यांना तेव्हाच येते.

परवा चर्चची गाडी सगळ्यांना घेऊन सव्हानाला गेली. रेव्हरंड टिमन्सही गेले, कोण कोण आलं आहे ते बघायला. ते शेवटच्या रांगेत बसले आणि रूथ म्हणते की सगळ्यांत मोठ्यानं नाक त्यांनीच शिंकरलं. मी गेले नाही. मी तिथे होते, मला पुन्हा बघायचं काय.

रूथनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ती दोनदा दिसते, कुत्रं एकदा दिसतं. मी कुठेच नाही. माझा चेहरा एकदाही आला नाही, बाकीच्या दहाही जणींनी शपथेवर सांगितलं. म्हणजे ते चारही तुकडे टाकले. डायरेक्टरनं आधीच सांगितलं होतं, त्याला दोष देत नाही.

तेव्हा आता तू जाऊ नकोस. माझा आग्रह मी मागे घेते. त्यात तुझ्यासाठी ठेवलेलं काही उरलेलं नाही. मला वाईट वाटलं. दोन दिवस कालवं फोडायला बसले नाही, मग बसले.

खोली झाडून ठेवली आहे. लोभ ठेव.

तुझी ताई,
लुवीनिया

•

फिलाडेल्फिया
१० मार्च १९९७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू जा म्हणत होतीस तोवर गेलो नाही. जाऊ नकोस म्हणालीस, शनिवारी दुपारी गेलो. बरोबर लिव्हॉन होता. त्यानं कोटात तळलेली कोंबडी लपवून आणली होती.

आपल्या माणसांना सिनेमात गप्प बसता येत नाही, तुला माहीत आहे. पडद्यावरच्या माणसाला दार उघडू नकोस म्हणून दहा जण सांगतात. परवा चारशे माणसं होती आणि कोणी चकार शब्द काढला नाही. लहान पोरं खोकायला बाहेर जात होती. लिव्हॉनची कोंबडी तशीच राहिली.

धक्का दिसला. आपला धक्का, ओकचं झाड, पाणी. मला उठून जावंसं वाटलं, मी खुर्चीचे हात धरले. रूथ रडताना दिसली, कुत्रं दिसलं. मग टॅमसिन आली आणि समोरून दोन हात आले. फक्त हात, ताई. चेहरा नाही, खांद्यापासून वर काही नाही. डाव्या हाताचा अंगठा आत वळलेला. एक्केचाळीस साली कालवाची सुरी सटकून तो कापला होता आणि मी आईला बोलवायला अनवाणी धावलो होतो. रूथला तो अंगठा कसा दिसावा, ती चेहरा शोधत होती.

त्या हातांनी मुलीच्या झग्याचं गळ्याचं बटण लावलं. दोन बोटांनी कॉलर सारखी केली. एकदा. मग हात खाली गेले. तीन सेकंद. रविवारी पुन्हा जाऊन मोजले.

शेजारी कोणाला काही कळलं नाही. पुढच्या रांगेतली बाई तेव्हा पर्समध्ये रुमाल शोधत होती. डायरेक्टरचं बरोबर होतं. तुझंही.

बायना रडली नव्हती. तिनं फिबीचं वरचं बटण लावलं आणि तिला जाऊ दिलं. एवढं मला आता कोणी न सांगता कळलं आहे. आणि तू माझं लावलंस. आई गेली तेव्हा एकाहत्तर साली आलो होतो, जुलैचा उकाडा, परत निघताना गाडीत बसलो तर तू खिडकीतून हात घालून माझ्या कोटाचं गळ्याचं बटण लावलंस. अर्नेस्टीन वाटभर हसत होती. मला वाटलं ताईचं डोकं उन्हानं फिरलं.

अठ्ठ्याहत्तर साली मी अर्ध्यातून उठलो ते चाबकामुळे नव्हे. त्या सिनेमातली आई मुलासाठी जमिनीवर लोळून रडत होती आणि मला तिच्या मुलाचा हेवा वाटला. विकल्या जाणाऱ्या मुलाचा. हे अर्नेस्टीनलाही कधी सांगितलं नाही.

अठ्ठेचाळीस वर्षं मला वाटत आलं की मला कोणी निरोपच दिला नाही. आपल्या घरात जो सर्वांत मोठा निरोप होता तो मला मिळाला होता. आणि कॉलर टोचते म्हणून मी ते बटण आगगाडीच्या स्टेशनवर पोचायच्या आत काढून टाकलं होतं. हे आठवून मी सिनेमाच्या गाडीतळावर रडलो. लिव्हॉन स्वतःच्या गाडीशेजारी उभा राहून गाडी शोधत होता. परतताना म्हणाला की तो पहिल्याच दिवशी पळाला नसता बहुतेक. त्याची आई तिथे असती.

पण बटणच का, हे मला कळलेलं नाही. त्यामागे काहीतरी आहे आणि ते मला हवं आहे. मी येतो आहे. दोन एप्रिलच्या बसनं निघेन, गुरुवारी दुपारी पोचेन.

लोभ होता हे आता कळलं. तो तसाच असू द्यावा.

तुझा भाऊ,
अमोस

•

सेंट डॅमियन बेट
१५ मार्च १९९७

चि. अमोस यास अ. उ. आ.

पत्र वाचून ओसरीवर बसून राहिले. रूथ येऊन विचारू लागली तर तिला अंगठा दाखवला. ती म्हणाली की तिनं तो ओळखलाच होता, फक्त बोलली नाही. ते खोटं आहे.

मी तुला काही सांगितलेलं नाही, हे नीट लक्षात ठेव. पुढेमागे वर गेल्यावर आजी विचारेल तेव्हा साक्ष द्यावी लागेल.

तू विचारतोस, बटणच का. आहे त्यामागे कारण. बटण लावताना बायना फिबीशी काय बोलली, तेही आहे. ते चार शब्द एकशे चाळीस वर्षं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात आले आहेत आणि आत्ता फक्त माझ्या तोंडात आहेत. पण ते राहणाऱ्यालाच सांगतात, हे तुला माहीत आहे. तू पडद्यावरून मिळवलंस तेवढं तुझं. पुढचं मला नियमानं चालावं लागेल.

तेव्हा परतीचं तिकीट काढलं आहेस की नाही तेवढं कळव. काढलं असशील तरी ये. भेंडीचं कालवण करीन, लाल भात करीन, कोलंबी आहे. हवे तेवढे दिवस राहा. बस आता पुलावरून जाते, तरी निरोप धक्क्यावर देऊ. तुझं वरचं बटण लावीन आणि रडणार नाही. तुला आता त्याचं वाईट वाटणार नाही, एवढा फरक पडला आहे.

काढलं नसशील तर ओसरीवर दोन खुर्च्या आहेत. गुरुवारी जेवण झाल्यावर सांगीन. मला एकोणसत्तरावं चालू आहे, शुक्रवारवर टाकायची माझी तयारी नाही.

पण माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. क्लोडेटचा गालिचाही वाईट नसेल.

लोभ दोन्हीकडून सारखाच राहील.

तुझी ताई,
लुवीनिया

•

फिलाडेल्फिया
२२ मार्च १९९७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तिकीट एकेरी काढलं आहे. खिडकीवरच्या मुलीनं दोनदा विचारलं आणि येण्याजाण्याचं एकदम काढणं सोयीचं पडतं असं समजावून सांगितलं. मी तिला म्हटलं की मला उशीर झाला आहे.

क्लोडेट रडली. तिला पोटभर रडू दिलं, ती आपल्या नियमात वाढलेली नाही. उन्हाळ्यात मुलांना घेऊन येते म्हणाली. लिव्हॉननं शेवटची दाढी फुकट केली आणि मग म्हणाला की कासवानं अठ्ठेचाळीस वर्षं घेतली तरी घर पाठीवर होतं म्हणून बरं. त्याला नाव कोणी सांगितलं ते मी शोधून काढणार आहे.

भेंडीचं कालवण चालेल.

कळावे. बाकीचा लोभ गुरुवारी समोर बसून.

तुझा,
कासव

ता. क. पाकिटात सात बटणं आहेत. माझ्याकडे सात शर्ट आहेत, सगळ्यांची वरची बटणं कापून काढली. तुझ्या शिवणाच्या डब्यात ठेवून दे.